सतरा नंबरची फळी

झोरिया गावातील बर्फावरच्या हॉकीच्या रिंकभोवतीच्या पांढऱ्या फळ्यांवर रोज काळे डाग उमटत, आणि ते पुसण्याचे काम नेस्तर बिलिन्स्की गेली एकतीस वर्षे करीत आला होता. रबराची चकती वेगाने येऊन फळीवर आदळली की आपला ठसा मागे ठेवून जाते. सकाळी साबणाच्या कोमट पाण्याची बादली आणि फडके घेऊन नेस्तर रिंकभोवती निघे, तेव्हा त्याच्या चालीत गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याची संथता असे. डाग पुसण्यापूर्वी तो ते वाचीत असे. गोलाच्या डाव्या खांबाबाहेर हातभर अंतरावर डागांचा पुंजका दिसला की तो स्वतःशीच म्हणे, "ही देनीज. अजून घाई करतेय." कोपऱ्यात उंचावर एखादाच ठसठशीत डाग असला, तर तो कोणाच्या रागाचा आहे हेही त्याला कळे. सामना न पाहता तो सामन्याविषयी बोलू शकत असे, आणि पाहणाऱ्यांपेक्षा पुष्कळदा नेमके बोलत असे.

म्हणूनच त्या नोव्हेंबरात त्याला एक कोडे पडले. सिग्ने हाल्वोर्सनच्या सरावानंतर फळ्या कोऱ्या राहत.

सिग्ने सोळा वर्षांची होती आणि त्याच्याच घरी राहत होती. दूरच्या शेतांवरील मुली गावाच्या संघात निवडल्या गेल्या की झोरियातील एखादे घर त्यांना हिवाळाभर आपले मानते. नेस्तर आणि ओलेना यांच्या घरातून अशा अकरा मुली खेळून, जेवून, रडून आणि मोठ्या होऊन गेल्या होत्या. तळघरातील खोलीच्या चौकटीवर त्यांच्या उंचीच्या रेघा अजून होत्या. सिग्ने बारावी. साऱ्या गावाप्रमाणे तीही नेस्तरला 'वुयको' म्हणे आणि ओलेनाला 'तेता'. मामा आणि मावशी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु ज्या घरात ते शब्द रोज उच्चारले जात, तिथे रक्ताच्या नात्याची विचारपूस कोणी करीत नसे.

शाळेपूर्वी अर्धा तास तिला रिंक मोकळे मिळे. नेस्तर बर्फावर ऊन पाण्याचा शेवटचा हात फिरवी, ते पाणी गोठून आरशासारखे होई, आणि मग ती मुलगी त्यावर उतरे. तिचे सरकणे पाहताना नेस्तरच्या मनात एक प्रकारची कृतज्ञता दाटून येई. इतक्या निगुतीने केलेल्या बर्फाचा इतका आदर करणारे पाय त्याने फार थोडे पाहिले होते. अर्ध्या तासानंतर मात्र फळ्यांवर एकही डाग नसे. इतर मुली एकट्याने सराव करीत, तेव्हा गोलामागची भिंत कावळ्यांची सभा बसावी तशी काळी होई.

प्रथम त्याला वाटले, काय हा नेम! चुकतच नाही. पुढे एके दिवशी तो फडके खांद्यावर टाकून बाकावर बसला आणि शेवटपर्यंत पाहत राहिला. सिग्ने चकती घेऊन वळणे घेत येई, गोलाच्या अगदी तोंडाशी पोहोचे, आणि नैवेद्याचे ताट ठेवावे तशी ती चकती जाळीत ठेवून देई. दुरून नाही, मधून नाही, तिरक्या कोनातून तर नाहीच. ती मारीत नव्हती. ठेवीत होती.

त्याच आठवड्यात संघाची प्रशिक्षिका रोवेना मॅकाय रिंकच्या स्वयंपाकघरात कॉफीचा पेला घेऊन त्याच्यासमोर बसली. याच रिंकवर ती लहानाची मोठी झाली होती. तिच्या गुडघ्याला पहिली पट्टी नेस्तरनेच बांधली होती.

"वुयको, तुमच्या घरची पोरगी मला कळत नाही."

"मला ओलेना सत्तेचाळीस वर्षांत कळली नाही. तुला दोन महिन्यांतच घाई झाली."

"थट्टा नको हो. सतरा सामने झाले. आघाडीला खेळते ती. गोलाकडे किती वेळा मारलं असेल?"

"सांग."

"नऊ वेळा! आमची गोलरक्षक एका सरावात याहून जास्त मारते, तेसुद्धा वैतागून."

"नवांत गोल किती?"

"चार."

"मग बरं आहे की."

"बरं काय आहे त्यात?" रोवेनाने पेला खाली ठेवला. "ती पासच देणार, हे आता सगळ्या गावांना कळलंय. तिला कुणी अडवतच नाही. तिच्याकडे पाठ करून बाकीच्या दोघींना धरून ठेवतात. बर्फावर एक बाई कमी असल्यासारखं खेळतोय आम्ही. दहा जानेवारीला वीस जणींची यादी पाठवायची आहे, त्यानंतर वर्षभर बदल नाही. दक्षिणेकडच्या एका गावात एक पोरगी आहे, ती म्हणे गाडीतळावरून पण गोलात मारेल. तिचा बाप रोज फोन करतो."

"सिग्नेला सांगितलंस?"

"स्पष्ट सांगितलं. मारायला लाग, नाहीतर दहा तारखेला घरी. ती म्हणाली, 'हो कोच.' आणि पुढच्या सामन्यात आणखी सुंदर पास दिला."

नेस्तरने खिडकीतून रिकाम्या बर्फाकडे पाहिले. "तिला मारायची भीती वाटते म्हणतेस?"

"भीती असती तर मला कळली असती. अंगावर येणाऱ्या पोरींना ती घाबरत नाही. हे काहीतरी वेगळंच आहे."

त्या संध्याकाळी ओलेनाने बटाट्याच्या सारणाच्या पेरोही केल्या होत्या. उकडून, लोण्यात परतलेल्या कांद्यासह तिने त्या मधोमध ठेवल्या. शेवटची एक उरली. सिग्नेने काट्याने ती अलगद उचलली, क्षणभर थांबली आणि नेस्तरच्या ताटात सोडली.

"बघ, बघ!" ओलेना म्हणाली. "ही जेवतानासुद्धा पास देते."

सिग्ने कानापर्यंत लाल झाली. "वुयकोंना जास्त आवडतात म्हणून, तेता."

"तुला नाही आवडत?"

"आवडतात."

"मग?"

मुलीने काटा ताटाच्या कडेला सरळ रेषेत ठेवला. नेस्तरने विषय तसाच पुढे नेला, बर्फावर चालावे तसा, पाय न उचलता. "पोरी, समोर गोल दिसतो, हातात चकती असते. मग नेमकं काय होतं?"

तिने खरोखर विचार केला. उत्तर टाळण्याची तिची प्रकृती नव्हती. "नक्की जाईल असं वाटलं की मी मारते, वुयको."

"आणि नक्की वाटलं नाही तर?"

"तर मारायची कशी?" ती म्हणाली. तिच्या स्वरात इतके निखळ आश्चर्य होते, की प्रश्नच चुकीचा आहे असे क्षणभर नेस्तरलाही वाटले.

डिसेंबरच्या तेवीस तारखेला तो तिला नाताळासाठी घरी सोडायला गेला. बिलिन्स्कींचा नाताळ सात जानेवारीचा, जुन्या पंचांगाचा. त्यामुळे तो मोकळा होता. दोन तासांच्या वाटेवर दोन्ही बाजूंना नुसते पांढरे क्षितिज होते. हाल्वोर्सनांच्या घरामागे एक तळे होते, काठाने पाणकणीस माजलेले, आणि तळ्याच्या मध्यावर झाडून काढलेला बर्फाचा चौकोन. सभोवती कंबरभर हिम. गोल म्हणजे चार जुने बूट, दोन या टोकाला आणि दोन त्या टोकाला. तिचे तिघे थोरले भाऊ आणि वडील तिथे आधीच होते. तिने पिशवीदेखील घरात नेली नाही.

खेळ सुरू करण्याची त्यांची रीत साऱ्या मुलखात असते तीच होती. सर्वांनी आपापल्या स्टिक्स मधोमध ढिगाने टाकल्या. सर्वांत थोरला भाऊ आर्ने नेस्तरकडे वळला.

"पाहुण्यांनी वाटायच्या. डोळे मिटा वुयको, आणि एक इकडे, एक तिकडे फेका. तुमची पण एक टाकू का ढिगात?"

"मी बर्फ करतो. खेळत नाही. उभ्या जन्मात पायांत स्केट्स घातले नाहीत."

"काय सांगता? एकतीस वर्षं बर्फ करताय आणि..."

"तुझी आई लेफ्साच्या पोळ्या लाटते ना? मग त्यावर चालते का ती?"

सगळे हसले. नेस्तरने डोळे मिटून स्टिक्स दोन बाजूंना वाटल्या आणि काठावर एका पालथ्या बादलीवर बसला.

चकती एकच होती. खेळ वेगवान होता, देखणा होता आणि विलक्षण दाट होता: लहान लहान पास, एकमेकांच्या पावलांजवळून. दुरून कोणी मारीत नव्हते. थोड्या वेळाने मधल्या भावाचा हात सैल सुटला, चकती बुटांच्या बाहेरून गेली आणि पाणकणसांपलीकडच्या हिमात नाहीशी झाली.

त्याबरोबर सगळे थांबले. मधला भाऊ मुकाट्याने हातमोजे घट्ट करून हिमात गुडघ्यांवर बसला आणि उकरू लागला. बाकीचे स्टिकवर रेलून उभे राहिले. एक मिनिट गेले. पाच गेली.

"जो चुकवतो तो शोधतो," वडिलांनी नेस्तरला सांगितले. "आमच्याकडचा कायदाच आहे."

"आणि सापडली नाही तर?"

"तर सिग्नेला विचारा!" आर्ने ओरडला. "सिग्ने, सांग की वुयकोंना दहा दिवसांच्या उपासाची गोष्ट."

"तूच सांग. दरवर्षी तूच सांगतोस."

"सहा वर्षांची होती ही," आर्नेने सुरुवात केली. "इथून, या इथून, अर्ध्या तळ्यावरून तिनं मारली. एवढीशी पोर, पण काय मारली! गेली ती गेलीच. अंधार पडेपर्यंत ही उकरत होती. आई ओढून घरी घेऊन गेली. रात्री ताजं हिम पडलं, रस्ते बंद झाले. घरात दुसरी चकती नाही. बाबांना गावात जायला दहा दिवस लागले. तोवर आम्ही कशानं खेळलो असू?"

"कशानं?"

"घोड्याच्या गोठलेल्या लिदीनं!"

तिघेही भाऊ पोट धरून हसू लागले. सिग्नेही हसली. त्या हसण्यात कडवटपणा नव्हता. ती गोष्ट त्या घराची लाडकी गोष्ट होती. परंतु बादलीवर बसलेल्या म्हाताऱ्याला दिसले, की हसता हसता तिचे दोन्ही हात बाह्यांच्या आत ओढले गेले होते, जणू त्यांना अजून थंडी वाजत होती.

चकती सापडली, आणि खेळ पुन्हा सुरू झाला. नेस्तरने तिच्याकडे आता निराळ्या दृष्टीने पाहिले. या मुलीच्या लेखी चुकलेला फटका हा केवळ चुकलेला फटका नव्हता. त्याने साऱ्यांचा खेळ थांबत असे, भर थंडीत माणसे ताटकळत, आणि एकाला गुडघ्यांवर बसावे लागे. दहाव्या वर्षापासून ती फळ्यांच्या रिंकमध्ये खेळत होती. तिथे चकती परत येते, हे तिला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? परंतु ज्ञान मस्तकात असणे आणि ते मनगटात उतरणे यांच्यामध्ये कित्येकदा एक अख्खे बालपण आडवे पसरलेले असते.

तो त्यांच्याबरोबर घरात गेला. जेवला, लेफ्सा बांधून घेतला आणि एकटाच परतला.

अठ्ठावीस तारखेला सिग्ने परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेस्तरने तिला बर्फावर उतरण्याआधीच हाक मारली.

"पोरी, एक काम आहे. कडाक्याच्या थंडीत फळ्यांचे खिळे-बोल्ट ढिले पडतात. दरवर्षी तपासायला लागतात. मी मागे कान लावून उभा राहतो. तू एकेका फळीवर चकती मार."

"गोलात नाही?"

"गोलात मारलीस तर मला काय ऐकू येणार? जाळी मुकी असते. गोल सोडून मार."

"म्हणजे... चुकवायची?"

"चुकव."

तो फळ्यांमागे गेला. त्या बाजूला पेन्सिलीने नंबर घातलेले होते. उत्तरेकडच्या गोलामागे चौदा ते एकोणीस. त्याने पंधरावर कान टेकला. पलीकडून हलकेच टक् असा आवाज आला.

"अगं, दार ठोठावतेस की काय? मोड ती फळी. एकतीस वर्षं मोडली नाही, तुला काय मोडते!"

मग स्केट्सची दोन पावले, आणि एक असा दणका की नेस्तरने कान मागे घेतला. त्याने वरून डोकावले. चकती फळीवरून परतून थेट तिच्या पावलांशी येऊन थांबली होती, आणि सिग्ने मान वळवून मागे पाहत होती. ही चकती कोणी आणून दिली, हे ती पाहत होती. रिंकमध्ये दुसरे कोणी नव्हते.

"काय झालं?" त्याने विचारले.

"काही नाही," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "पुन्हा मारू?"

त्या सकाळी तिने सहाही फळ्यांवर मारले. सतरा नंबरवर मारल्यावर मात्र ती थांबली. पुन्हा मारले. तिसऱ्यांदा मारले आणि फळीवरून वाकून पलीकडे डोकावली.

"वुयको, ही वेगळी आहे."

"कशी वेगळी?"

"बाकीच्या जेवढी देतो तेवढी परत देतात. ही जास्त देते. आणि चौदा नंबर तर परतच देत नाही, गिळते. असं का?"

नेस्तरच्या अंतःकरणात काहीतरी उजळले. एकतीस वर्षांत शेकडो मुलींनी त्या फळ्यांवर चकत्या हाणल्या होत्या. 'असं का' हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने तिला पाठीमागे बोलावले. चौदाच्या मागून पाण्याचा जाड नळ जात होता आणि फळी त्याला टेकली होती. सतराच्या मागे मात्र आधाराचा खांबच नव्हता. तिथे पूर्वी एक दार करायचे ठरले होते, ते झालेच नाही, आणि फळी ढोलाच्या कातड्यासारखी ताणलेली राहिली होती.

"म्हणजे या बाजूनं गोलाच्या बाहेर मारली," सिग्नेने बोट फिरवीत म्हटले, "तर ती मागून फिरून... त्या बाजूला, गोलाच्या खांबाच्या पुढ्यात येईल?"

"मला काय माहीत? मी खेळतो का? मारून बघ."

तिने मारून पाहिले. नंतरच्या आठवड्यात तिने इतके मारून पाहिले, की नेस्तरला डाग पुसायला दोन बादल्या पाणी लागू लागले. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने फळ्यांचे नंबर लिहिले, त्यांच्यापुढे कोन आणि अंतरे. गोठवलेली चकती कमी उसळते आणि उबदार चकती जास्त, हे तिला ठाऊक होते. पण नेमकी किती, हे तिला आता हवे होते. त्यासाठी ओलेनाच्या फ्रीजरमध्ये डझनभर चकत्या जाऊन बसल्या.

"माझ्या नाताळच्या पेरोहींना जागा नाही," ओलेना कडाडली, "आणि या काळ्या भाकऱ्या मात्र ऐसपैस! कुणाला वाढायच्यात त्या?"

"दोनच दिवस, तेता."

"दोन दिवस म्हणे! ही पूर्वी किती गुणाची होती रे, नेस्तर. काही मागायची नाही. तूच बिघडवलीस."

तीन जानेवारीला सिग्नेने आपल्या त्रिकूटातील देनीज गारीएपी हिलाही सकाळी उठवून आणले. देनीज कोणाचेही नाव अर्धे केल्याशिवाय घेत नसे.

"ए हॅली, झोपेतून उठवून तू मला लाकडाच्या फळीशी ओळख करून द्यायला आणलंस?"

"तू फक्त त्या खांबाजवळ उभी राहा. स्टिक खाली ठेव. काही करू नकोस."

सिग्नेने दुरून मारले. चकती गोलाच्या बाहेरून गेली, सतरावर आदळली आणि देनीजच्या स्टिकवर येऊन थडकली. देनीजने चकतीकडे पाहिले, फळीकडे पाहिले, आणि मग सिग्नेकडे.

"पुन्हा कर," ती कुजबुजली.

दक्षिणेकडच्या फळ्या तेवढ्या राहिल्या. सिग्नेने दोनदा आठवण केली. नेस्तर म्हणाला, आधी एक टोक नीट शिक. पुढे सहा तारखेची बारा पदार्थांची पवित्र रात्र आली, सातचा नाताळ आला, रिंक बंद राहिले. आणि आठला सामना होता, यादीपूर्वीचा शेवटचा.

पहिल्या सत्रात झोरियाचा रोख उत्तरेकडच्या गोलावर होता. अकराव्या मिनिटाला सिग्नेसमोर जागा मोकळी झाली. प्रतिपक्षाच्या मुली सरावाने तिच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. तिने स्टिक मागे नेली, आणि पास दिला.

"मार की गं!" प्रेक्षकांतून ओलेनाचा आवाज आला. "शेजाऱ्यांना वाटत काय सुटलीस!"

दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्या. गुण एक-एक होते. सिग्नेला पुन्हा जागा मिळाली, आणि या वेळी तिने मारले. दुरून, पूर्ण ताकदीने, खात्री नसताना. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राच्या दारापाशी उभा असलेला नेस्तर पुढे झुकला. चकती गोलाच्या हातभर बाहेरून गेली, दक्षिणेकडच्या फळीवर आपटली, आणि तिथून अशी काही लांबवर उसळली की झोरियाच्या पाचही मुलींच्या मागे जाऊन पडली. प्रतिपक्षाची एक मुलगी तिथे एकटीच होती. ती सरळ निघाली. दोन-एक.

नेस्तरने डोळे मिटले. दक्षिण राहिली होती. त्याने म्हटले होते, नंतर. आणि आता इतक्या लोकांसमोर ती सहा वर्षांची मुलगी पुन्हा हिमात गुडघ्यांवर बसली होती.

डोळे उघडले तेव्हा सिग्ने बाकावर होती. तिचे हात बाह्यांत नव्हते. ती देनीजच्या कानाशी काहीतरी बोलत होती आणि हवेत बोटाने एक रेघ काढीत होती: फळीवरून वर, लांब, इतकी लांब. देनीज हसली आणि तिने तिच्या शिरस्त्राणावर एक टप्पल मारली. नेस्तरला दुरूनही ऐकू आले, "तिसऱ्यात उत्तर आहे, मूर्ख! तुझी सतरा नंबर!"

रोवेनाने तिसऱ्या सत्रात पहिल्याच संधीला तेच त्रिकूट बर्फावर पाठवले. सिग्नेने मारले, गोलरक्षकाने अडवले. पुन्हा मारले, फळीवर गेले. प्रतिपक्षाच्या दोघी आता तिच्याकडे धावून येऊ लागल्या होत्या. बाराव्या मिनिटाला त्या तशाच धावत आल्या, तिने स्टिक मागे नेली, गोलरक्षक तिच्या बाजूच्या खांबाला चिकटली, आणि सिग्नेने गोलाच्या बाहेर मारले. लोकांनी हळहळ केली. त्यांची हळहळ पुरी होण्याआधी चकती सतरावरून परतून पलीकडच्या खांबाशी आली होती, आणि तिथे देनीजची स्टिक आधीपासून बर्फावर टेकलेली होती. दोन-दोन.

सामना त्यांनी अखेर जादा वेळेत गमावला. घरी येताना सिग्ने गाडीत झोपली.

अकरा तारखेला पहाटे रोवेना स्वयंपाकघरात आली, तेव्हा नेस्तर फडकी पिळत होता. काल यादी गेली, हे त्याला ठाऊक होते.

"सात वेळा मारलं तिनं त्या दिवशी," रोवेना म्हणाली. "एका सामन्यात सात."

"गोल एकही नाही."

"एकही नाही. आणि एक तर त्यांना आंदण दिला. त्यानंतर मी तिला मुद्दाम पाठवलं. मला बघायचं होतं, ती पुन्हा मारते का. मारणार नाही, असं मी धरून चालले होते, वुयको. यादी खिशात होती, दुसरीचं नाव लिहून ठेवलं होतं." तिने कॉफी ओतून घेतली. "ते खोडलं. त्या दक्षिणेकडच्या पोरीच्या बापाचा फोन आज मी उचलणार नाहीये."

नेस्तरने फडके बादलीच्या काठावर नीट वाळत घातले.

"पण मला एक सांगा. देनीज म्हणते फळ्यांना नंबर आहेत. चौदा गिळते, सतरा देते. मी या रिंकवर सोळा वर्षं खेळले. मला का नाही सांगितलं कुणी?"

"तू विचारलं नाहीस."

बाहेर बर्फावर सिग्ने आधीच उतरली होती. नेस्तर बादली घेऊन गेला तेव्हा ती दक्षिणेकडच्या गोलामागे उभी होती आणि एका फळीकडे, जिने तिला दगा दिला होता तिच्याकडे, टक लावून पाहत होती. त्या दृष्टीत राग नव्हता. जिज्ञासू विद्यार्थ्याने दुर्बोध ओळीसमोर थांबावे तशी ती थांबली होती.

"वुयको, ही इतकी लांब का फेकते? मागं बघितलं मी. नळ नाही, खांब आहे, सगळं ठीक आहे."

नेस्तरने पाहिले. नंबर चव्वेचाळीस. त्याने मागून ठोकून पाहिले, बोल्ट हलवून पाहिले. शेवटी तो म्हणाला, "मला माहीत नाही."

"तुम्हालाही?"

"मलाही."

तिचा चेहरा असा उजळला, की जणू त्याने तिला काही बक्षीस दिले होते. "मग ऐकायलाच हवं. मी मागं कान लावते. तुम्ही मारा." तिने स्टिक त्याच्या हातात दिली आणि स्केट्स काढायला बाकाकडे गेलीसुद्धा.

"मी? पोरी, मी खेळत नाही. सांगितलंय ना तुला."

"खेळायचं कुठंय? बोल्ट तपासायचे आहेत."

लोकरी बूट घातलेला, एकाहत्तर वर्षांचा नेस्तर बिलिन्स्की आपण स्वतः केलेल्या बर्फावर स्टिक धरून उभा राहिला. त्याने चकती समोर ठेवली. फळीमागून आवाज आला, "मारा, वुयको!" त्याने मारले. चकती चव्वेचाळीसपासून फार दूर, भलत्याच फळीला जाऊन लागली.

"चुकली," तो म्हणाला, आणि ती आणायला निघाला.

"थांबा तिथंच," फळीमागून सिग्ने म्हणाली. "येईल परत."